प्रीमियमवरचा इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट घ्यावा, की त्याच व्यवस्थापकाचा ओपन-एंडेड फंड?

२०१९ सालच्या पहिल्या सहामाहीत लंडनच्या शेअर बाजारात लिंडसेल ट्रेन इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट या लहानशा गुंतवणूक कंपनीचा एकेक शेअर हजार पौंडांहून बऱ्याच वरच्या भावाने विकला जात होता. त्या शेअरच्या वाट्याला येणारी मालमत्ता मात्र भावापेक्षा इतकी कमी होती की दोहोंमधला फरक, म्हणजे प्रीमियम, ५० टक्क्यांच्या पुढे गेला होता. १०० पौंडांची मालमत्ता हाती यावी म्हणून लोक १५० पौंडांहून अधिक मोजत होते. त्याच व्यवस्थापकांचे, त्याच विचारसरणीने शेअर्स निवडणारे ओपन-एंडेड फंड त्याच वेळी उपलब्ध होते आणि ते १०० पौंडांची मालमत्ता १०० पौंडांनाच देत होते. जास्तीचे ५० पौंड लोक नेमके कशासाठी देत होते, ते देण्यात काही शहाणपण होते का, आणि असा ट्रस्ट आवडला तर त्याऐवजी ओपन-एंडेड फंड घेणे केव्हा योग्य ठरते, हे या लेखात पाहायचे आहे.

भारतातल्या गुंतवणूकदाराच्या परिचयाचे बहुतेक म्युच्युअल फंड ओपन-एंडेड असतात. तुम्ही पैसे भरलेत की फंड नवी युनिट्स तयार करतो, पैसे मागितलेत की ती युनिट्स रद्द करून पैसे देतो, आणि दोन्ही वेळेला हिशेब त्या दिवशीच्या निव्वळ मालमत्ता मूल्याने, म्हणजे एनएव्हीने होतो. ब्रिटनमधला इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट याहून मुळातच वेगळा आहे. नावात ट्रस्ट असला तरी कायद्याच्या दृष्टीने ती शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी असते. तिचे स्वतंत्र संचालक मंडळ असते, ती कर्ज काढू शकते, आणि तिच्या शेअर्सची संख्या सहसा ठरलेली असते. १८६८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेला फॉरिन अँड कलोनियल गव्हर्नमेंट ट्रस्ट हा या प्रकारातला पहिला मानला जातो आणि तो एफ अँड सी इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट या नावाने आजही चालू आहे.

शेअर्सची संख्या ठरलेली असल्यामुळे एक गोष्ट आपोआप घडते. ज्याला बाहेर पडायचे आहे त्याला ट्रस्ट स्वतःहून पैसे देत नाही. त्याने बाजारात दुसरा खरेदीदार शोधायचा असतो. सहकारी गृहनिर्माण सोसायटीतल्या सदनिकांची संख्या ठरलेली असते आणि आत येण्यासाठी कोणीतरी आपली सदनिका विकावी लागते, तशीच ही व्यवस्था आहे. मागणी वाढली की भाव एनएव्हीच्या वर जातो आणि त्याला प्रीमियम म्हणतात. मागणी आटली की भाव खाली येतो आणि त्याला डिस्काउंट म्हणतात. ट्रस्टच्या इतिहासात डिस्काउंट ही नेहमीची अवस्था आणि प्रीमियम हा अपवाद राहिला आहे. प्रीमियम दिसला की सावध का व्हायचे, याचे निम्मे उत्तर या एका वाक्यात आहे.

उरलेले निम्मे उत्तर आकड्यांत आहे. समजा एका ट्रस्टची एनएव्ही प्रत्येक शेअरमागे १०० पेन्स, म्हणजे एक पौंड आहे आणि प्रीमियम १२ टक्के असल्यामुळे तुम्ही तो ११२ पेन्सला घेतलात. व्यवस्थापकाने चांगले काम केले आणि ५ वर्षांत एनएव्ही ४० टक्क्यांनी वाढून १४० पेन्स झाली. मधल्या काळात तो गुंतवणूक प्रकार लोकांच्या मनातून उतरला आणि ट्रस्ट ६ टक्के डिस्काउंटवर आला. आता भाव १३१.६० पेन्स आहे. तुमचा एकूण नफा साडेसतरा टक्के झाला, म्हणजे दर वर्षी चक्रवाढीने सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. त्याच व्यवस्थापकाच्या, तोच शेअर संच असलेल्या ओपन-एंडेड फंडात पैसे ठेवणाऱ्याला खर्च बाजूला ठेवता ४० टक्के, म्हणजे दर वर्षी सुमारे ७ टक्के मिळाले. दोघांनीही व्यवस्थापक अचूक निवडला होता. फरक फक्त आत शिरताना मोजलेल्या भावाने पाडला.

उत्पन्नासाठी ट्रस्ट घेणाऱ्यांना हीच गोष्ट आणखी लवकर जाणवते. एनएव्हीवर ५ टक्के लाभांश देणारा ट्रस्ट १२ टक्के प्रीमियमने घेतला, तर तुमच्या पैशांवर पडणारा दर जेमतेम साडेचार टक्के होतो. जाहिरातीत छापलेला दर बहुतेक वेळा बाजारभावावरच काढलेला असतो, त्यामुळे इथे फसवणूक कोणी करत नाही. पण एनएव्हीला मिळणाऱ्या ओपन-एंडेड पर्यायाशी तुलना करताना ही गफलत सहज होते.

प्रीमियम तयार का होतो, याची कारणे एकसारख्या दर्जाची नाहीत आणि ती वेगळी काढता आली तरच निर्णय घेता येतो. काही वेळा ट्रस्टकडे असे काही असते जे दुसरीकडे कोणत्याही मार्गाने मिळत नाही. काही वेळा व्यवस्थापकाचे नाव इतके मोठे झालेले असते की लोक किंमत पाहायचेच सोडून देतात. काही वेळा उत्पन्नाची भूक असते आणि सरकारी रोखे काहीच देत नसतात. आणि काही वेळा प्रीमियम हा निव्वळ भास असतो, कारण एनएव्ही जुनी किंवा हातचे राखून काढलेली असते.

लिंडसेल ट्रेनच्या ट्रस्टमध्ये यांतली बरीचशी कारणे एकत्र आली होती, म्हणून तो नीट पाहण्यासारखा आहे. निक ट्रेन आणि मायकेल लिंडसेल यांची स्वतःची व्यवस्थापन कंपनी आहे, लिंडसेल ट्रेन लिमिटेड, आणि ती शेअर बाजारात नोंदलेली नाही. तिचा सुमारे एक चतुर्थांश हिस्सा या ट्रस्टकडे होता आणि ट्रस्टच्या मालमत्तेतला सर्वांत मोठा वाटा तोच होता. व्यवस्थापन कंपनीच्या हाताखालची रक्कम वाढत गेली तशी तिची फी वाढली, फीबरोबर नफा वाढला, आणि ट्रस्टला मिळणारा लाभांशही वाढला. बाजारात न विकल्या जाणाऱ्या या हिश्श्याची किंमत संचालक मंडळ एका ठरावीक सूत्राने काढत असे. खरेदीदारांना ती किंमत फार कमी वाटत होती. त्यांच्या मते प्रीमियमचा बराच भाग म्हणजे मंडळाच्या सूत्राशी असलेला मतभेद होता. या म्हणण्यात तथ्य होते. पण ५० टक्क्यांहून अधिक प्रीमियम भरून निघायला त्या एका खासगी कंपनीची खरी किंमत कागदावरच्या आकड्याच्या दुपटीजवळ जायला हवी होती, आणि तिची वाढही अखंड चालू राहायला हवी होती. खुद्द ट्रस्टच्या संचालकांनी असा प्रीमियम टिकण्याबद्दल वारंवार सावधगिरीचा इशारा दिला होता. मालकानेच गिऱ्हाइकाला महाग घेऊ नका म्हणून सांगण्याचे प्रसंग या धंद्यात फार थोडे आहेत, आणि हा इशारा वाचूनही लोक खरेदी करत राहिले, याचे मला आजही वाईट वाटते.

पुढे निक ट्रेन यांच्या शैलीचे शेअर्स मागे पडले आणि फंडांतून पैसे बाहेर जाऊ लागले. हाताखालची रक्कम घटल्यामुळे खासगी हिश्श्याचे मूल्य उतरले, म्हणजे एनएव्हीला फटका बसला. आणि त्याच वेळी त्या एनएव्हीसाठी जास्त पैसे देण्याची लोकांची तयारीही संपली. प्रीमियमच्या खरेदीतला खरा धोका हाच आहे. एनएव्ही घसरणे आणि प्रीमियम विरघळणे या दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. ज्या कारणाने पहिली घडते त्याच कारणाने दुसरीही घडते. त्यामुळे दोन्ही नुकसाने एकाच वेळी अंगावर येतात. २०१९ मध्ये वर पोहोचलेला हा ट्रस्ट नंतर डिस्काउंटवर आला.

याच घराण्यातली दुसरी जोडी पर्यायाचा विचार करायला अधिक सोपी आहे. फिन्सबरी ग्रोथ अँड इन्कम ट्रस्ट निक ट्रेनच चालवतात आणि लिंडसेल ट्रेन यूके इक्विटी हा ओपन-एंडेड फंडही तेच चालवतात. डियाजिओ, युनिलिव्हर, रेलएक्स, लंडन स्टॉक एक्सचेंज ग्रुप अशी तीच नावे दोन्हीकडे सापडतात. अनेक वर्षे हा ट्रस्ट एनएव्हीच्या किंचित वर चालत होता, कारण प्रीमियम थोडा जरी वर गेला तरी मंडळ नवे शेअर्स विकून मागणी पुरवत असे. अशा स्थितीत ट्रस्ट आणि फंड यांतला फरक अगदी पातळ होता. ट्रस्टला थोडे कर्ज काढण्याची मुभा होती. फंडाला ती नव्हती, पण फंड घेताना शेअर खरेदीवरची अर्धा टक्का स्टॅम्प ड्युटी लागत नव्हती. २०२१ नंतर ट्रस्ट डिस्काउंटला गेला, फंड मात्र आपल्या स्वभावानुसार एनएव्हीवरच राहिला. किंचित प्रीमियमने घेतलेल्यांना शेअर्सच्या कामगिरीखेरीज डिस्काउंटचाही भुर्दंड पडला. पण फरक थोडक्या टक्क्यांचा होता, ५० टक्क्यांचा नव्हता. मंडळाने प्रीमियम वाढू दिला नाही, याचा फायदा इथे नव्या खरेदीदाराला झाला.

नवे शेअर्स काढण्याची ही पद्धत जुन्या भागधारकांच्याही हिताची असते, आणि ती कशी, हे एका हिशेबाने कळते. १,००० शेअर्स आहेत, प्रत्येकामागे १०० पेन्सची मालमत्ता आहे, म्हणजे एकूण १,००,००० पेन्स. प्रीमियम ३ टक्के असताना ट्रस्टने १०० नवे शेअर्स १०३ पेन्सने विकले आणि १०,३०० पेन्स आत आले. आता १,१०० शेअर्समागे १,१०,३०० पेन्स आहेत, प्रत्येकामागे १००.२७ पेन्स. जुन्या भागधारकाला काहीही न करता सुमारे पाव पेन्स मिळाला आणि तो नव्या माणसाच्या खिशातून आला. ट्रस्ट प्रीमियमवर नवे शेअर्स विकून एनएव्ही वाढवतो, असे अहवालात अभिमानाने लिहिलेले असते. ते खरेच असते. आपण त्या व्यवहारात कोणत्या बाजूला आहोत, एवढे वाचकाने पाहावे.

पर्सनल ॲसेट्स ट्रस्ट आणि कॅपिटल गिअरिंग ट्रस्ट या दोघांनी हीच गोष्ट धोरण म्हणून स्वीकारली आहे. भांडवल जपणे हे दोघांचेही पहिले ध्येय आहे, आणि भाव एनएव्हीच्या अगदी जवळ राहावा म्हणून ते प्रीमियम दिसला की शेअर्स विकतात आणि डिस्काउंट दिसला की परत विकत घेतात. व्याजदर वाढल्यावर २०२३ मध्ये दोघांनाही मोठ्या प्रमाणात शेअर्स परत घ्यावे लागले, पण भाव एनएव्हीपासून फारसा दूर गेला नाही. अशा ट्रस्टसाठी एखादा टक्का जास्त देणे मला खटकत नाही. तरीही पर्सनल ॲसेट्सचे व्यवस्थापन पाहणाऱ्या ट्रॉय या कंपनीचा ट्रोजन फंड ओपन-एंडेड आहे आणि गुंतवणुकीची धाटणी जवळपास तीच आहे. कॅपिटल गिअरिंग सांभाळणाऱ्या सीजी ॲसेट मॅनेजमेंटचेही ओपन-एंडेड फंड आहेत. रोखे, सोने आणि मोठ्या कंपन्यांचे शेअर्स असा सहज विकता येणारा ऐवज आत असेल, तर ओपन-एंडेड रचनेत काही बिघडत नाही आणि प्रीमियमचा प्रश्नच उरत नाही.

सिटी ऑफ लंडन इन्व्हेस्टमेंट ट्रस्टचे प्रकरण थोडे वेगळे आहे. या ट्रस्टने १९६६ पासून दर वर्षी लाभांश वाढवला आहे. ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातला १५ टक्क्यांपर्यंतचा भाग राखून ठेवता येतो, आणि वाईट वर्षी तो वापरून लाभांश सांभाळता येतो. ओपन-एंडेड फंडाला मिळालेले उत्पन्न वाटूनच टाकावे लागते. २०२० मध्ये करोनाच्या साथीत ब्रिटिश कंपन्यांनी लाभांश कापले तेव्हा ओपन-एंडेड इन्कम फंडांचे वाटपही घटले, सिटी ऑफ लंडनचे घटले नाही. निवृत्तीनंतर या रकमेवर घर चालवणाऱ्या माणसाने त्या शाश्वतीसाठी एखाद-दोन टक्के प्रीमियम मोजला तर त्याला मी चूक म्हणणार नाही. तो राखीव निधीही अखेर भागधारकांचाच पैसा असतो, हे मात्र त्याने ध्यानात ठेवावे.

सर्वांत मोठा धडा पायाभूत सुविधांच्या ट्रस्टनी दिला. २००६ मध्ये बाजारात आलेले एचआयसीएल आणि आयएनपीपी, २०१३ मध्ये आलेले ग्रीनकोट यूके विंड आणि टीआरआयजी, असे ट्रस्ट शाळा-रुग्णालयांच्या इमारतींचे सरकारी करार, पवनचक्क्या, सौरऊर्जा प्रकल्प यांतून येणारे उत्पन्न वाटतात. २०१० च्या दशकात बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर तळाला होता आणि सरकारी रोख्यांवर फारच थोडे मिळत होते. तिथे महागाईशी जोडलेला ५ टक्क्यांच्या आसपासचा लाभांश म्हणजे सोन्याहून पिवळे वाटले. हे ट्रस्ट वर्षानुवर्षे प्रीमियमवर चालले आणि कैकदा तो १० टक्क्यांच्या पुढेही गेला. हा प्रीमियम कायमचाच आहे, असे सल्लागारही बोलू लागले. डिसेंबर २०२१ पर्यंत ०.१ टक्का असलेला बँक ऑफ इंग्लंडचा दर ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्के झाला. सरकारी रोखेच ४ टक्क्यांहून अधिक देऊ लागल्यावर पवनचक्कीचा धोका पत्करून ५ टक्के कोण घेईल? प्रीमियम गेला आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूपर्यंत यांतले बरेच ट्रस्ट २० टक्क्यांच्या आसपासच्या डिस्काउंटवर येऊन पडले. पवनचक्क्या पूर्वीसारख्याच फिरत होत्या आणि लाभांशही मिळत होता. बदलली होती ती फक्त त्या लाभांशासाठी लोक मोजायला तयार असलेली किंमत.

या क्षेत्रात ओपन-एंडेड पर्याय शोधणाऱ्याची दोन ठिकाणी दिशाभूल होऊ शकते. पहिले म्हणजे लिस्टेड इन्फ्रास्ट्रक्चर फंड. त्यांत अमेरिकी वीज कंपन्या, टोल रस्ते, रेल्वे यांचे शेअर्स असतात. ते चांगले असतील, पण ब्रिटिश रुग्णालयाच्या इमारतीच्या करारासारखे ते वागत नाहीत. नाव सारखे असले तरी ही अदलाबदल होत नाही. दुसरी जागा अधिक फसवी आहे. व्हीटी ग्रॅव्हिस यूके इन्फ्रास्ट्रक्चर इन्कम हा ओपन-एंडेड फंड आहे आणि तो एनएव्हीला मिळतो. पण त्याच्या आत प्रामुख्याने हेच नोंदणीकृत ट्रस्ट असतात, आणि त्यांची किंमत बाजारभावाने धरलेली असते. ट्रस्ट १५ टक्के प्रीमियमवर असतील तर तो प्रीमियम फंडाच्या एनएव्हीत मुरलेला असतो. वरच्या फंडाला प्रीमियम नाही म्हणून समाधान मानणाऱ्याने आतल्या ट्रस्टचा प्रीमियम भरलेलाच असतो.

हेच भारतात ऑक्टोबर २०२५ मध्ये डोळ्यांदेखत घडले. प्रत्यक्ष चांदीची टंचाई झाली आणि सिल्व्हर ईटीएफचे, म्हणजे शेअर बाजारात शेअरसारख्या विकल्या जाणाऱ्या चांदीच्या फंडांचे, भाव त्यांच्या मूल्याच्या वर गेले. सिल्व्हर ईटीएफमध्ये पैसे गुंतवणारे फंड ऑफ फंड मात्र एनएव्हीने युनिट्स देत होते, आणि ती एनएव्ही फुगलेल्या भावांवर उभी होती. तेव्हा कोटकसह काही म्युच्युअल फंडांनी या योजनांत एकरकमी पैसे घेणे तात्पुरते थांबवले. गुंतवणूकदाराला नाही म्हणण्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

परदेशी शेअर्सच्या भारतीय ईटीएफचीही हीच कथा आहे. ईटीएफ प्रत्यक्षात ओपन-एंडेड असतो. भाव वर गेला की बाजारातले मोठे व्यवहार करणारे नवी युनिट्स तयार करून फरक मिटवतात. पण भारतीय म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर ७ अब्ज डॉलरची एकूण मर्यादा आहे आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळी १ अब्ज डॉलरची. ती भरत आल्यावर नवी युनिट्स निघणे थांबले आणि नॅसडॅक १०० किंवा अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांचे भारतीय ईटीएफ १० टक्क्यांहून अधिक प्रीमियमवर विकले जाऊ लागले. नवी युनिट्स काढण्याची वाट बंद झाली की ओपन-एंडेड योजनासुद्धा इन्व्हेस्टमेंट ट्रस्टसारखी वागू लागते. आणि ती वाट ज्या दिवशी पुन्हा उघडेल, त्या दिवशी प्रीमियम भरलेल्याचे नुकसान काही तासांत होऊ शकते, कारण तो निर्णय नियामकाच्या हाती आहे.

आपल्याकडच्या जुन्या वाचकांना जानेवारी १९९४ आठवत असेल. मॉर्गन स्टॅनली ग्रोथ फंड ही १५ वर्षांची क्लोज-एंडेड, म्हणजे ट्रस्टसारखीच युनिट्सची संख्या ठरलेली योजना विक्रीला आली तेव्हा अर्ज मिळवण्यासाठी झुंबड उडाली. कंपनीच्या पब्लिक इश्यूप्रमाणे नोंदणीच्या दिवशी भाव वर जाईल अशी बहुतेकांची समजूत होती. पण फंडाकडे जमा झालेला पैसा म्हणजे फक्त पैसाच असतो; पहिल्याच दिवशी त्याची किंमत त्याहून जास्त का व्हावी, हा प्रश्न कोणी विचारला नाही. १० रुपयांचे ते युनिट पुढे बरीच वर्षे बाजारात त्या किमतीखाली आणि एनएव्हीच्याही खाली विकले गेले. त्या रांगांमध्ये उभ्या राहिलेल्या कित्येकांनी नंतर म्युच्युअल फंडाचे नावच टाकले.

इथवर वाचून ओपन-एंडेड फंडच नेहमी शहाणपणाचा, असे वाटू शकेल. पण त्या रचनेचा स्वतःचा धोका आहे आणि तो प्रीमियमहून कमी गंभीर नाही. मागताच एनएव्हीने पैसे देण्याचे वचन पाळायचे तर आतला ऐवज लगेच विकता आला पाहिजे. जुलै २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या कौलानंतर लोकांनी पैसे मागितले तेव्हा ब्रिटनमधल्या अनेक मोठ्या ओपन-एंडेड मालमत्ता फंडांना व्यवहार बंद करावे लागले, कारण कार्यालयाची इमारत दोन दिवसांत विकता येत नाही. ३ जून २०१९ रोजी ब्रिटनमधले नामांकित फंड व्यवस्थापक नील वूडफोर्ड यांचा इक्विटी इन्कम फंड बंद झाला आणि तो पुन्हा कधी उघडलाच नाही. नोंदणी नसलेल्या छोट्या कंपन्यांचे शेअर्स त्यात भरून ठेवले होते. त्याच वूडफोर्ड यांचा पेशंट कॅपिटल ट्रस्ट २०१५ मध्ये ८०० दशलक्ष पौंड गोळा करून आला, सुरुवातीला प्रीमियमवर चढला आणि पुढे खोल डिस्काउंटवर गेला. त्यात पैसे घातलेल्यांचे मोठे नुकसान झाले, पण शेअर विकून बाहेर पडण्याची वाट त्यांच्यासाठी एकही दिवस बंद नव्हती. फंडातल्यांना ती वाट नव्हती; त्यांना नंतर हप्त्याहप्त्याने, तुटपुंजे पैसे मिळाले.

म्हणून निवड करताना मी सर्वांत आधी आतला ऐवज पाहीन. डियाजिओ, युनिलिव्हरसारखे शेअर्स असतील तर ओपन-एंडेड फंड, आणि ट्रस्ट प्रीमियमवर असेल तर नक्कीच फंड. खासगी कंपन्या, इमारती, पवनचक्क्या असतील तर ट्रस्टच, पण तो प्रीमियमवर असताना नव्हे. थांबण्याची तयारी ठेवावी, कारण डिस्काउंटचे दिवस येतात. एखाद-दोन टक्के प्रीमियम हा खरेदीच्या खर्चासारखा धरावा. ५ टक्क्यांच्या पुढे गेला तर त्याचे कारण स्वतःला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. १० टक्क्यांच्या पुढचा प्रीमियम मी तरी देणार नाही, अपवाद फक्त एनएव्हीच चुकीची असल्याची खात्री असेल तेव्हाचा. तशी शक्यता असते: शेअर्सच्या ट्रस्टची एनएव्ही रोज जाहीर होते, पण खासगी मालमत्तेच्या ट्रस्टची तीन किंवा सहा महिन्यांनी निघते, आणि मधल्या काळात मालमत्ता वधारली असेल तर दिसणारा प्रीमियम हा जुन्या आकड्याशी केलेल्या तुलनेचा परिणाम असतो. त्यामुळे असोसिएशन ऑफ इन्व्हेस्टमेंट कंपनीज या ट्रस्टच्या संघटनेच्या तक्त्यातला प्रीमियमचा आकडा पाहताना शेजारची एनएव्हीची तारीख पाहावी, आणि त्या ट्रस्टचा एक वर्षाचा व ५ वर्षांचा सरासरी प्रीमियम किंवा डिस्काउंट किती होता तेही पाहावे. नेहमी ४ टक्के डिस्काउंटवर असणारा ट्रस्ट आज एनएव्हीवर मिळत असेल, तर तोसुद्धा त्याच्या मानाने महागच आहे.

लंडन किंवा मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या, आयएसए या ब्रिटनमधल्या करमुक्त गुंतवणूक खात्यातून भारतात गुंतवणूक करू पाहणाऱ्या मराठी माणसासमोर हा प्रश्न प्रत्यक्ष येतो. जेपीमॉर्गन इंडियन हा जुना ट्रस्ट बराच काळ डिस्काउंटवर राहिला. २०१८ मध्ये आलेला अशोका इंडिया इक्विटी मात्र अनेकदा किंचित प्रीमियमवर चालला. त्याचे व्यवस्थापन व्हाइटओक ही कंपनी पाहते, ठरावीक वार्षिक फी नाही, निर्देशांकाला मागे टाकले तरच मोबदला आहे, आणि भागधारकाला वर्षातून एकदा एनएव्हीजवळच्या भावाने शेअर परत देण्याची सोय आहे. ही शेवटची सोय महत्त्वाची आहे, कारण खोल डिस्काउंटची भीती तिच्यामुळे कमी होते, आणि म्हणून एक-दोन टक्के जास्त देण्याला आधार मिळतो. प्रीमियम त्याहून वर गेलाच, तर ज्युपिटर इंडियासारखे ओपन-एंडेड फंड एनएव्हीला मिळतात. व्यवस्थापक वेगळा असेल, पण बाजार तोच आहे.

आणि जो ट्रस्ट तुमच्याकडे आधीपासून आहे तोच प्रीमियमवर गेला तर? याचा विचार फार थोडे लोक करतात. त्याच व्यवस्थापकाचा ओपन-एंडेड फंड असेल, तर ट्रस्ट ८ टक्के प्रीमियमने विकून तेवढ्याच पैशात एनएव्हीने फंड घेतल्यास तुमच्या नावावरची मालमत्ता साधारण ८ टक्क्यांनी वाढते आणि व्यवस्थापक तोच राहतो. आयएसए खात्यात यावर कर लागत नाही. बाहेरच्या खात्यात भांडवली नफ्याचा कर किती पडेल ते आधी मांडून पाहावे, कारण जुनी खरेदी असेल तर तो कर प्रीमियमहून अधिक निघू शकतो. फंडाची वार्षिक फी ट्रस्टपेक्षा जास्त असेल तर ८ टक्क्यांचा हा फायदा किती वर्षांत खर्ची पडेल, तेही मोजावे. फरक पाव टक्क्याचा असेल तर तो ३० वर्षांहून अधिक काळ पुरेल.